गाडीचे फेरफार तपासताय, पैशांचे कधी तपासणार?

तुरीनहून एका वाचकाचं पत्र आलं आहे. वय ४४, मूळचे चिंचवडचे, वाहन उद्योगात अभियंते, नऊ वर्षांपासून इटलीत. पत्नी घर सांभाळतात, मुलगी १३ वर्षांची. एका विक्रेत्याकडे त्यांनी १९६९ ची लान्चा फुल्विया कूपे १.६ एचएफ पाहिली आहे. पुढच्या मोठ्या दिव्यांमुळे तिला तिथे ‘फानालोने’ म्हणतात. किंमत ७०,००० युरो. पत्रातला मुद्द्याचा भाग असा:

“अशा फक्त १,२५८ गाड्या बनल्या. ही रॅलीत धावलेली आहे, इंजिन मूळचं आहे, आणि आजवर दोनच मालक झालेत, असं विक्रेता सांगतो. त्याने सुचवलेला एक जाणकार २,००० युरोंत गाडीचा पूर्ण इतिहास काढून देईल. हे पैसे द्यावेत का? पुढच्या आठवड्यात ७,००० युरो इसार द्यायचा आहे. दहा वर्षांनी गाडी दीड लाखाला विकून मुलीच्या शिक्षणाचं भागवेन. फेरारी जीटीओ २०१८ मध्ये ४.८४ कोटी डॉलरला गेली, तेव्हा ही अपेक्षा फार नाही. २०,००० युरो इथे आहेत. उरलेले ५०,००० एफडी मोडून आणि पॉलिसी सरेंडर करून भारतातून आणेन. तिथली खाती साधीच आहेत. १५जी भरतो, त्यामुळे टीडीएस कापला जात नाही. इथे त्याबद्दल कोणी कधी विचारलेलं नाही. पैसे बाबांच्या खात्यातून भेट म्हणून येतील.”

सोबतचे आकडे: एफडी ४२ लाख, म्युच्युअल फंड २३ लाख. चिंचवडचा फ्लॅट २०१४ मध्ये ४५ लाखांना घेतलेला, तिथे आई-बाबा राहतात. पॉलिसीचा हप्ता दरवर्षी २ लाख, मुदत १५ वर्षं, नऊ हप्ते भरून झाले. आज मोडली तर १५ लाख मिळतात. पूर्ण केली तर ४२ लाख मिळतील असं एजंटने लिहून दिलं आहे. विमा संरक्षण २५ लाख.

नमस्कार.

आधी तुमच्याच प्रश्नाचं उत्तर. विक्रेत्याने सुचवलेल्या माणसाला एक युरोही देऊ नका. तो कितीही जाणकार असला तरी त्याला पुढचं काम त्या विक्रेत्याकडूनच मिळणार आहे. पहिले दोन कागद तुमचे तुम्हीच मिळवा. ते जुळले तरच स्वतंत्र माणूस शोधा, आणि तेव्हा २,००० युरो जरूर खर्च करा.

जमीन घेताना आपण नुसत्या सातबाऱ्यावर थांबत नाही. आज नाव कोणाचं ते सातबारा सांगतो, ते तिथे कसं लागलं ते फेरफार सांगतात, आणि त्यावर वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च घेतो. जुन्या इटालियन गाडीचंही तसंच आहे, आणि सुदैवाने इटलीत हे फेरफार जपलेले आहेत. पीआरए ही वाहनांची सार्वजनिक नोंदवही १९२७ पासून आहे आणि ती तिथला ऑटोमोबाइल क्लब चालवतो. नंबरप्लेट सांगून कोणालाही ‘एस्त्रात्तो क्रोनोलोजिको’ मागवता येतो. त्यात मालकांची तारीखवार साखळी असते. मेख एकच. १९९४ पूर्वी प्लेट प्रांताची असे. तुरीनची गाडी मिलानच्या माणसाने घेतली की ‘टीओ’ची प्लेट जाऊन ‘एमआय’ची नवी प्लेट लागायची. गाडी तीन प्रांतांत फिरली असेल तर तीन उतारे लागतात. विक्रेता फक्त शेवटच्या प्लेटचा उतारा दाखवून ‘दोनच मालक’ म्हणत असेल, तर त्याआधीची पंचवीस वर्षं तुम्हाला दिसलेलीच नाहीत.

उताऱ्यात नोंद रद्द झाल्याचं दिसलं तर कारण नीट वाचा. रस्ता कर थकला म्हणून कार्यालयाने रद्द केली किंवा गाडी परदेशी गेली, तर ते निस्तरता येतं. गाडी भंगारात काढल्याची नोंद असेल आणि तोच चासी नंबर तुमच्यासमोरच्या गाडीवर असेल, तर तिथून निघून या.

दुसरा कागद कारखान्याचा. १९६९ मध्ये लान्चा फियाटच्या ताब्यात गेली. तिची दफ्तरं आज कंपनीच्या हेरिटेज, म्हणजे जुन्या गाड्यांचा वारसा जपणाऱ्या विभागाकडे आहेत, आणि त्याचं ठिकाण मिराफिओरीला, म्हणजे तुमच्याच शहरात आहे. चासी नंबरावरून ते मूळ प्रमाणपत्र देतात: गाडी कधी बनली, रंग कोणता होता, इंजिनाचा नंबर काय होता. लोक नेमके इथे फसतात. हा जन्मदाखला आहे. दाखल्यातलं मूल आणि समोर उभा असलेला माणूस एकच, हे दाखला सांगत नाही. त्यासाठी गाडी उघडून तपासल्यावर मिळणारं अस्सलपणाचं प्रमाणपत्र वेगळं असतं. जन्मदाखला फ्रेम करून दुकानात टांगलेला असेल तर अस्सलपणाचं प्रमाणपत्र कुठे आहे ते विचारा.

फानालोनेच्या बाबतीत ही काळजी दुप्पट घ्या. तिच्यामागून आलेली १.६ एचएफ ‘लुस्सो’ सुमारे ३,७०० बनली, आणि १.३ च्या साध्या कूपे तर कितीतरी हजार. मोठे दिवे, चाकांवरच्या रुंद कमानी, काम्पान्योलोची चाकं हे सगळं सुटं मिळतं, आणि ते लावलेली लुस्सो लांबून फानालोनेच वाटते. फानालोनेचा चासी नंबर ८१८.५४० ने सुरू होतो, लुस्सोचा ८१८.७४० ने. खिशात एक चुंबक ठेवा. मूळ गाडीची दारं आणि बॉनेट हलक्या मिश्रधातूची होती, त्यांना चुंबक चिकटत नाही. चिकटलं तर विक्रेत्याला जाब विचारा. नाही चिकटलं तरी काही सिद्ध होत नाही, कारण दारंही बदलता येतात.

आणि रॅली. १९७२ मध्ये मुनारी आणि मानुच्ची यांनी फुल्विया घेऊन मोंटे कार्लोची रॅली जिंकली, आणि ‘रॅलीत धावलेली’ या दोन शब्दांना किंमत आली. त्या शब्दांचा पुरावा म्हणजे स्पर्धकांच्या यादीतलं नाव, नंबरप्लेट दिसणारा त्या काळचा फोटो, आणि त्या तारखेला पीआरएच्या साखळीत असलेला मालक. तिन्ही जुळले पाहिजेत. विक्रेत्याची आठवण पुरावा नव्हे. १,२५८ या आकड्याचंही तसंच. ते उत्पादन झालं, समोरच्या गाडीबद्दल त्यातून काहीच कळत नाही. जीटीओ ३६ बनल्या आणि त्यांतली प्रत्येक चासी नंबराने ओळखली जाते, कोणती कोणाकडे होती ते लिहिलेलं आहे. तुमच्या गाडीच्या दुसऱ्या मालकाचं नावही अजून तुम्हाला माहीत नाही. ही तुलना सोडून द्या.

आता तुमचे दीड लाख. ते मिळतीलच असं धरू. गॅरेज, विमा, देखभाल मिळून वर्षाला ३,५०० युरो, म्हणजे दहा वर्षांत ३५,०००. विकताना दलाली दहा टक्के, म्हणजे १५,०००. हे सगळं वजा केल्यावर परतावा वर्षाला जेमतेम तीन टक्के पडतो, आणि तोही किंमत दुपटीहून जास्त झाली तर. आहे तिथेच राहिली तर ३५,००० खर्च आणि वर दलाली. शिवाय मुलगी १८ ची व्हायला पाचच वर्षं आहेत. तुम्ही दहा वर्षांनी विकणार, ती कॉलेजात त्याआधी जाणार. शिक्षणाचा पैसा या गाडीत घालायचा नाही, यावर मला चर्चाही करायची नाही.

पण पत्र वाचताना मी गाडीपाशी थांबलोच नाही. शेवटच्या चार वाक्यांनी मला अस्वस्थ केलं.

नऊ वर्षं तुम्ही इटलीत कर भरता. तिथे कर-निवासी असलेल्या माणसाने देशाबाहेरची सगळी मालमत्ता विवरणपत्राच्या ‘क्वाद्रो आरडब्ल्यू’ भागात दाखवायची असते. खाती, फंड, पॉलिसी, घर, सगळं. आर्थिक मालमत्तेवर वर्षाला ०.२ टक्का कर लागतो, घरावर ०.७६ टक्का होता तो २०२४ पासून १.०६ टक्के झाला. एफडीचं व्याजही तिथे करपात्र आहे. तुमच्याकडे एफडी, फंड आणि पॉलिसी मिळून ८० लाख, फ्लॅट खरेदीच्या किमतीला ४५ लाख. शंभर रुपयांना युरो धरला तर १,२५,००० युरो, आणि यातलं काहीही तुम्ही दाखवलेलं नाही. न दाखवलेल्या रकमेवर दंड वर्षाला ३ ते १५ टक्के. किमान दराने ३,७५० युरो, कमाल दराने १८,७५०. दर वर्षाचा हिशेब वेगळा. मागची पाच वर्षं उघडली तर किमान दंडच १८,७५० होतो. आधीच्या वर्षांत शिल्लक कमी असेल, म्हणून थोडा कमी धरा. तरीही तुमची तुरीनमधली जवळजवळ सगळी बचत त्यात जाते.

कोणी विचारलं नाही, कारण तुमची भारतातली बँक तुम्हाला अजून भारतात राहणारा समजते. खातेदार कुठे कर भरतो त्यावरून बँकांची माहिती देशादेशांत आपोआप जाते. तुमची गेली नाही, कारण तुम्ही बँकेला कळवलंच नाही. परदेशी स्थायिक झाल्यावर परकीय चलनाच्या फेमा कायद्याप्रमाणे बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासीचं खातं करावं लागतं, फंडांच्या केवायसीतही तशी नोंद करावी लागते. आणि १५जी! तो फॉर्म फक्त भारतातल्या निवासींसाठी आहे. दरवर्षी तुम्ही त्यावर सही करून खोटं निवेदन देत आलात. मुद्दाम नाही हे मला कळतं. बँकेतल्या कोणीतरी ‘इथे सही करा’ म्हटलं असणार. पण सही तुमची आहे.

बाबांच्या खात्यातून भेट हा मार्ग तर पूर्ण बंद करा. एफडी तुमच्या नावावर, पैसा तुमचा, तो बाबांच्या खात्यात फिरवून भेट म्हणून आणायचा म्हणजे चुकीत वडिलांनाही ओढायचं. आणि एकदम ५०,००० युरो तुरीनच्या खात्यात आले की तिथली बँक विचारणारच, हे कुठून आले. सरळ मार्ग उपलब्ध आहे. एनआरओ खात्यातून दर आर्थिक वर्षी दहा लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर नेता येते, त्यासाठीचे कराचे फॉर्म आणि सीएचं प्रमाणपत्र देऊन.

तेव्हा याच आठवड्यात तुरीनमध्ये चांगला कोमेर्चालिस्ता, म्हणजे कर सल्लागार गाठा, ज्याने परदेशी मालमत्तेची प्रकरणं हाताळली आहेत असा. त्याला ‘राव्वेदिमेंतो ओपेरोसो’बद्दल विचारा. कर खात्याची नोटीस येण्याआधी स्वतःहून चूक सुधारली तर दंड त्याच्या काही अंशावर येतो. नोटीस आल्यावर ती सवलत तशी राहत नाही. पुण्यात सीएकडून एनआरओ, केवायसी आणि मागची विवरणपत्रं एकत्र मार्गी लावा. क्रमही महत्त्वाचा आहे. आधी कोमेर्चालिस्ता, मग बँक. बँकेने तुमची स्थिती बदलली की माहिती इटलीला जाईल, आणि तोवर तुमची ही दुरुस्ती तयार हवी.

पॉलिसीबद्दल. ३० लाख भरून १५ वर्षांनी ४२ लाख म्हणजे वर्षाला साधारण चार टक्के. एफडी याहून जास्त देत होती. नोकरीसाठी परदेशी निघालेल्या माणसाला जाता जाता हे विकणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो, कारण कुटुंबाला गरज मोठ्या विम्याची होती आणि हातात २५ लाखांचा दिला. तरीही आज मोडू नका. हातात येणारे १५ लाख आणि उरलेले सहा हप्ते सात टक्क्यांनी गुंतवले तर ३८ लाखांच्या आसपास होतात, आणि पॉलिसी ४२ देणार आहे. घेतली तेव्हा वाईट होती, पण नुकसानीचा मोठा भाग तुम्ही आधीच सोसला आहे. मात्र त्या ४२ मध्ये हमीचे किती आणि बोनसचा अंदाज किती ते पॉलिसीच्या कागदावर पाहा, एजंटच्या चिठ्ठीवर नाही. हमीची रक्कम ३८ च्या खाली असेल तर मला परत लिहा, उत्तर बदलेल. विम्यासाठी इटलीतच मुदत विमा घ्या, निदान तीन लाख युरोंचा.

पुढच्या आठवड्यातला इसार देऊ नका. इटलीत त्या रकमेला ‘कापार्रा’ म्हणतात, आणि ती पक्क्या करारावर दिली असेल तर तुम्ही मागे फिरलात की जाते. विक्रेत्याला सांगा, सगळ्या प्लेटांचे उतारे आणि हेरिटेजची दोन्ही प्रमाणपत्रं हातात आली की मग बोलू. त्याला काही महिने लागतील, तुमच्या कर सल्लागारालाही तेवढेच लागतील.

दंड भरून झाल्यावर हातात काय उरतं ते मला कळवा. फुल्वियावर जीव जडला असेल तर चोख कागदांची १.३ ची साधी कूपे या किमतीच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्यात मिळू शकते. ती चालवायला घ्या, रविवारी मुलीला शेजारी बसवून. तिच्या फीचे पैसे वेगळे ठेवा.