प्रोजेक्ट आणि पेटंट: आधी दावे वाच

फक्त कॉलेजात प्रयोग म्हणून सर्किट बनवणार असशील तर निर्धास्त राहा. पेटंट कायदा, 1970 च्या कलम 47 मध्ये प्रयोग, संशोधन आणि शिकवण्यासाठी सूट आहे. बोर्ड विकायला काढलास की सूट संपली, नफा होवो न होवो.

विकणार असशील तर मग इनपासवर, म्हणजे भारतीय पेटंट कार्यालयाच्या ऑनलाइन शोध-यंत्रणेवर, शोध घे. शीर्षक, आकृत्या बघून घाबरू नकोस. पेटंटचं संरक्षण नेमकं कशाला आहे ते दावे सांगतात; त्यातल्या स्वतंत्र दाव्याचे (जो दुसऱ्या दाव्यावर अवलंबून नसतो) तुकडे पाड, उदा. कॉइल, करंट सेन्सर, कम्पॅरेटर, पुरवठा तोडणारा मॉस्फेट. यातला एक घटक किंवा त्याचंच काम तशाच रीतीने करणारा पर्याय तुझ्याकडे नसेल, तर सहसा उल्लंघन होत नाही. दाव्यात रेझिस्टरचं मूल्यच (ओहममध्ये) दिलेलं नसेल तर नुसता रेझिस्टर बदलून सुटका नाही.

पेटंटची मुदत अर्जापासून 20 वर्षं. नूतनीकरण शुल्क थकलं तर आधीच संपते, म्हणून सद्यस्थितीही बघ.