बर्फावरची कोलांटी आणि पंचांचे गुण

प्रश्न : फिगर स्केटिंगमध्ये कोलांटउडीला गुण कापले जात. मग कलेला वाव कुठे उरतो?

उत्तर : १९७६ च्या ऑलिंपिकनंतर लवकरच ही उडी धोकादायक ठरवून तिच्यावर बंदी आली. १९९८ साली नागानो येथे फ्रान्सच्या सूर्या बोनाली यांनी ती मारली आणि त्या एकाच पायाच्या पात्यावर उतरल्या, तरी गुण कापलेच गेले. २०२४ मध्ये बंदी उठली. फार उशिरा, असे आमचे मत. पंचांबद्दल म्हणाल, तर २००२ च्या सॉल्ट लेक सिटीतील जोडी स्पर्धेच्या निकालावरून वादंग माजल्यावर दुसरे सुवर्णपदक द्यावे लागले आणि कमाल सहा गुण देण्याची जुनी पद्धत मोडीत निघाली. आता प्रत्येक उडीचे मूलमूल्य, म्हणजे तिच्यासाठीचे पायाभूत गुण, ठरलेले असते, शिवाय पंचांचे सर्वाधिक व सर्वांत कमी गुण वगळून सरासरी काढतात. मात्र रचना व सादरीकरण यांचे गुण आजही पंचांच्या नजरेवरच अवलंबून आहेत.