मेटालिकाच्या पहिल्या अल्बममधला उजवा हात

तुम्ही विचारलंय की 'मास्टर ऑफ पपेट्स' आवडला म्हणून मेटालिका या अमेरिकन मेटल बँडचा पहिला अल्बम 'किल 'एम ऑल' लावला, तर तो पातळ आणि कच्चा वाटला. मग चाळीस वर्षांनंतरही लोक त्याच्यावर एवढा जीव का टाकतात?

तुमच्या कानांनी तुम्हाला फसवलेलं नाही. गिटारचा आवाज खरखरीत आहे, त्याला खाली बूड कमी आहे. गाणारा आणि गिटार वाजवणारा जेम्स हेटफिल्ड, त्याचा गळा अजून तयार झालेला नाही, तो चिरकतो. शब्द तर विशीच्या आतल्या मुलाने वहीच्या मागच्या पानावर लिहावेत तसे. हे सगळं मान्य करूनही सांगतो, मी पंचवीसेक वर्षं गिटार वाजवतोय आणि या बँडचा जो अल्बम मी सगळ्यात जास्त वेळा परत काढतो, तो हाच. कारण यात वाजवणाऱ्याचा उजवा हात दिसतो.

गिटारवर डावा हात स्वर धरतो आणि उजवा तारा छेडतो. थ्रॅशमध्ये, म्हणजे या बँडच्या वेगवान, आक्रमक मेटलमध्ये, खरी मेहनत उजव्याची. तळहाताची कड ब्रिजजवळ, म्हणजे तारा गिटारच्या अंगाला बांधलेल्या असतात तिथे, तारांवर हलकी टेकवायची आणि जाडी तार छेडायची; मग ती गुंजत नाही, गुरगुरते. कड जराशी उचलली की पुढचा आघात एकदम मोकळा होऊन अंगावर येतो. तबला ऐकणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही: बंद बोल आणि खुला बोल. या अल्बमची अर्धीअधिक जादू या दोहोंच्या अदलाबदलीत आहे. 'द फोर हॉर्समेन'मध्ये तो हात एक लांब, दोन आखूड असा चालतो, अगदी घोड्याच्या टापा. 'व्हिपलॅश'मध्ये मिनिटाला २००च्या आसपास ठोके पडत असतात आणि पिक, म्हणजे तार छेडायची चकती, वर-खाली, वर-खाली, उसंत न घेता. शिवाय हेटफिल्डची सवय अशी की जमेल तिथे प्रत्येक आघात वरून खालीच द्यायचा. त्याने प्रत्येक स्वराला सारखं वजन येतं, पण हात फार लवकर थकतो. 'मोटरब्रेथ' तीन मिनिटांचं गाणं आहे. ते तसं वाजवायला मी पहिल्यांदा बसलो तेव्हा पहिल्या मिनिटातच मनगट भरून आलं होतं.

पुढचे दोन अल्बम, 'राइड द लाइटनिंग' आणि 'मास्टर ऑफ पपेट्स', कोपनहेगनच्या स्वीट सायलेन्स स्टुडिओत निर्माता फ्लेमिंग रासमुसेनबरोबर झाले. तिथे आवाज भरीव झाला, रचना मोठ्या झाल्या, आणि ते अल्बम थोर आहेत यात मला शंका नाही. पण तिथे समोर आवाजाची भिंत उभी राहते. इथे मात्र तार, पिक आणि मनगट यांच्यामध्ये काहीच नाही. तुम्ही ज्याला पातळ म्हणताय त्या आवाजातूनच पिक तारेवर घासल्याचं ऐकू येतं.

यामागची परिस्थितीही समजून घ्यायला हवी. मे १९८३, न्यूयॉर्क राज्यातलं रोचेस्टर गाव, म्युझिक अमेरिका नावाचा स्टुडिओ, निर्माता पॉल कर्सिओ, खर्चाला जेमतेम पंधराएक हजार डॉलर. हेटफिल्ड आणि ड्रमर लार्स उलरिख दोघेही १९ वर्षांचे. कोणतीही कंपनी त्यांना घ्यायला तयार नव्हती. न्यू जर्सीत बाजारातल्या गाळ्यात रेकॉर्डचं दुकान चालवणाऱ्या जॉन आणि मार्शा झझुला या जोडप्याने शेवटी हा अल्बम काढायला स्वतःच 'मेगाफोर्स' ही कंपनी सुरू केली. अल्बमचं आधीचं नाव जरा शिवराळ होतं, ते वितरकांनी नाकारलं. त्यांच्यावर चिडून बास वाजवणारा क्लिफ बर्टन जे बोलला, तेच मग नाव झालं. २५ जुलै १९८३ला अल्बम बाजारात आला. स्लेयर आणि एक्सोडस हे थ्रॅशचे दुसरे बँड; स्लेयरचा पहिला अल्बम यायला अजून काही महिने होते आणि एक्सोडसचा तर थेट १९८५मध्ये आला. म्हणजे या मुलांपुढे गिरवायला नमुना नव्हता. कानात होते ते इंग्लंडचे डायमंड हेड आणि मोटरहेड. ते त्यांनी जास्त वेगात आणि जास्त रागाने वाजवलं.

पण सगळं नवखं असलं तरी गाणी नवी नव्हती, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. १९८२च्या 'नो लाइफ टिल लेदर' या डेमो कॅसेटमध्ये यातली बरीचशी गाणी आहेत. टपालाने एकमेकांना कॅसेट पाठवणाऱ्या पोरांनी ती दूरदूर पोचवली होती. वर्षभर स्टेजवर वाजवून गाणी हातात मुरली होती. स्टुडिओत ही मुलं बुजलेली असतील, पण बोटं बुजलेली नव्हती. अनुभव कमी आणि सराव भरपूर, हा योग बँडच्या आयुष्यात एकदाच येतो. दुसऱ्या अल्बमच्या वेळी अनुभव आलेला असतो आणि गाणी घाईत लिहावी लागतात.

त्यात आणखी एक ताण होता. रेकॉर्डिंगच्या महिनाभर आधी, एप्रिलमध्ये, दुसरा गिटारवादक डेव्ह मस्टेनला बँडमधून काढून बसने कॅलिफोर्नियाला परत पाठवलं आणि एक्सोडसमधून कर्क हॅमेटला बोलावलं. अल्बममधल्या चार गाण्यांवर मस्टेनचं नाव आजही आहे. हॅमेटला मस्टेनचे सोलो, म्हणजे गिटारचे एकट्याने वाजवायचे तुकडे, डोळ्यांसमोर ठेवून वाजवायला सांगितलं होतं. त्याने बऱ्याच ठिकाणी सुरुवात मस्टेनची ठेवली आणि पुढे स्वतःची वाट धरली. ही सांधेजोड ऐकायची असेल तर 'द फोर हॉर्समेन' आणि मस्टेनच्या नव्या बँडने, मेगाडेथने, १९८५मध्ये काढलेलं 'मेकॅनिक्स' पाठोपाठ लावा. मूळ गाणं एकच. मस्टेनचं साडेचार मिनिटांच्या आत संपतं, चिडलेलं आणि सुसाट. मेटालिकाचं सात मिनिटांच्या वर जातं, कारण त्यांनी मध्ये एक संथ, सुरेल तुकडा घातला. मला मेटालिकाचं जास्त आवडतं, आणि ते त्या तुकड्यामुळेच. पुढच्या मोठ्या रचनांचं बी तिथे आहे.

आता क्लिफ बर्टन. त्याच्याबद्दल लिहिताना मला लांबण लागते, पण लागू दे. लार्स आणि जेम्सने त्याला लॉस एंजेलिसच्या एका क्लबात ट्रॉमा या बँडमध्ये वाजवताना पाहिलं. आधी वाटलं की गिटारचा सोलो चाललाय, आणि बघतात तर हातात बास, म्हणजे खालच्या सुरांची जाड तारांची गिटार. तो लॉस एंजेलिसला यायला तयार नव्हता, म्हणून अख्खा बँड सॅन फ्रान्सिस्कोकडे राहायला गेला. एका वादकासाठी गाव बदलणारे लोक किती असतात? पाचवा ट्रॅक, 'अॅनेस्थेशिया', हा त्याचा एकट्याचा. 'बेस सोलो, टेक वन' असा ध्वनिमुद्रकाचा आवाज येतो आणि मग चार मिनिटं बास, आवाज खरखरीत करणारं डिस्टॉर्शन आणि तो पायाने वळवणारं वा-वा पेडल. शेवटाकडे ड्रम येऊन मिळतात. पुढे उभं राहून बोलायची बासची पद्धत नव्हती. इथे तो पुढे येतो, आधी विचार करत आल्यासारखा, मग धारेला लागल्यासारखा. २७ सप्टेंबर १९८६ला स्वीडनमध्ये बसच्या अपघातात तो गेला, २४ वर्षांचा होता. तो ट्रॅक ऐकताना हे मनातून जात नाही.

सगळंच उत्तम आहे असं मात्र म्हणणार नाही. 'जंप इन द फायर' मला अजूनही भरतीचं वाटतं. 'नो रिमोर्स' मात्र लोक उगाच मागे टाकतात. साडेसहा मिनिटं ते दमाने चालतं आणि शेवटी अचानक लय दुपटीला गेल्यासारखी उसळते. 'सीक अँड डिस्ट्रॉय'बद्दल वेगळं सांगायला नको, बँडने कित्येक कार्यक्रमांचा शेवट त्यानेच केला आहे.

माझ्याकडे हा अल्बम आला तो १९९७मध्ये, कराडच्या हॉस्टेलवर, मित्राने भरून दिलेल्या नव्वदच्या कॅसेटवर. एका बाजूला ४५ मिनिटं, आणि अल्बम ५१ मिनिटांचा. 'सीक अँड डिस्ट्रॉय' संपत आलं की खटकन टेप थांबायची. मागच्या बाजूला दुसराच बँड होता. त्यामुळे दहावं गाणं, 'मेटल मिलिशिया', मी चार वर्षं ऐकलंच नव्हतं. पुण्यात नोकरी लागल्यावर पहिल्या पगारात सीडी घेतली, रात्री खोलीवर लावली, आणि नेहमीच्या जागी टेप थांबेल म्हणून हात आपोआप पुढे गेला. ती थांबली नाही. गाणं आलं, आणि त्याच्या शेवटी कवायतीच्या बुटांचा आवाज लांब लांब जाताना ऐकला. तोवर मला माहीतच नव्हतं की हा अल्बम असा चालत चालत निघून जातो.

तुम्हाला पुन्हा प्रयत्न करायचा असेल तर पहिल्या ट्रॅकपासून सुरुवात करू नका. हेडफोन लावा, आवाज थोडा वाढवा आणि 'अॅनेस्थेशिया'पासून ऐका. मध्ये थांबवू नका, 'व्हिपलॅश' लगेच मागून येतं. गायनाकडे लक्ष न देता फक्त तार दाबली कधी जाते आणि सुटते कधी, तेवढं ऐका. मग कसं वाटलं ते खाली लिहा, मी वाचेन.