पांदणीतले काटे आणि मुलींच्या सायकली

प्रश्न : आमच्या बचत गटाने गावातल्या मुलींसाठी १२ जुन्या सायकली जमवल्या. शाळा ५ किलोमीटरवर, वाट पांदणीची. महिनाभरातच ७ सायकली पंक्चर होऊन घरी उभ्या. दुकान तालुक्याला. काय करावं?
– एक वाचक, यवतमाळ जिल्हा

उत्तर : ताई, पंक्चरसाठी तालुक्याला जायचं म्हणजे आईबापाची रोजी बुडते, म्हणून सायकल उभी राहते. पंप, कानस, पॅच आणि तो चिकटवायचं सोल्युशन गटाकडेच ठेवा. सोल्युशनच्या लहान ट्यूबा घ्या. उघडलेला मोठा डबा उन्हाळ्यात वाळून जातो.

पंक्चर काढूनही दुसऱ्या दिवशी चाक बसलं, तर बाभळीच्या काट्याचं टोक बहुधा टायरातच मोडून राहिलेलं असतं. कापसाचा बोळा टायरच्या आतून सावकाश फिरवा. काटा असेल तिथे तंतू अडकतात. बोटाने चाचपू नका.

पॅच लावताना ट्यूबवर छिद्राभोवती पॅचपेक्षा मोठी जागा कानसीने चकाकी जाईपर्यंत घासा. सोल्युशनचा पातळ हात द्या आणि पाचेक मिनिटं थांबा. बोटाला चिकटेनासं झालं की मगच पॅच दाबा. घाईने ओल्यावर लावलेला पॅच सुटतो, आणि सगळ्यात जास्त चूक इथेच होते.

छिद्र रिमकडच्या बाजूला असेल तर काट्याचा दोष नाही, स्पोकचं टोक टोचतंय. रिमवरची पट्टी बदला. शेजारीशेजारी दोन चिरा दिसल्या तर हवा कमी असताना कॅरिअरवर ओझं होतं. हवा हळूहळू जात असेल तर व्हॉल्व्हला थुंकी लावून बघा, बुडबुडा आला की आतली रबरी नळी बदला.

आता मुख्य उपाय. त्याच मापाची बाद ट्यूब घ्या, व्हॉल्व्ह कापून टाका, रिमकडच्या बाजूने लांबीभर चिरा आणि टायरात अस्तर म्हणून पसरा. टोकं एकावर एक चढू देऊ नका, तिथे आतली ट्यूब घासून फाटते. सराटे या अस्तरात बरेचसे अडतात. बाभळीचा लांब काटा मात्र अडत नाही. कुंपणं छाटायच्या दिवसांत पांदण झाडून घ्यायला ग्रामपंचायतीच्या मागे लागा.

तुमचा तालुका राज्य सरकारच्या मानव विकास कार्यक्रमात असेल तर ८ वी ते १२ वीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी मदत मिळते. मुख्याध्यापकांना विचारा. सायकल नवी आली तरी अस्तर पहिल्याच दिवशी घाला.