जुनी एसयूव्ही आणि एअरबॅगचा दिवा

जुनी सात सीटर घेणाऱ्यांचे प्रश्न वर्षानुवर्षे तेच आहेत. या वेळी पाच निवडले आहेत.

विक्रेता म्हणतो गाडी ४० हजार किलोमीटरच चालली आहे. मीटरवर विश्वास ठेवावा का?

नुसत्या मीटरवर नको. सर्व्हिसच्या नोंदी मागा, ब्रेक पेडलचं रबर किती झिजलंय तेही पाहा.

टायरची नक्षी भरपूर शिल्लक आहे. तरी बदलायचे का?

आधी टायरचं वय पाहा. टायरच्या कडेवर ‘डीओटी’ने सुरू होणाऱ्या कोडच्या शेवटी ४ आकडे असतात. २३१८ म्हणजे २०१८ सालचा २३वा आठवडा. दहा वर्षं झाली असतील तर नक्षी कितीही असो, टायर काढा. स्टेपनीचंही वय पाहा, ती कोणीच बघत नाही. कडेला बारीक भेगा दिसल्या तर त्याआधीच टायरवाल्याला दाखवा.

एअरबॅगचा दिवा अधूनमधून लागतो. ओळखीचा मेकॅनिक म्हणतो, ‘सेन्सरचा प्रॉब्लेम आहे, सगळ्याच जुन्या गाड्यांना होतो, दिवा बंद करून देतो.’ चालेल ना?

अजिबात नाही. दिवा लागला म्हणजे एअरबॅगच्या यंत्रणेत बिघाड सापडलाय आणि धडक झाल्यावर एअरबॅग उघडेलच याची खात्री उरलेली नाही. कारण कधी किरकोळ असतं, सीटखालचा कनेक्टर सैल होतो. कधी स्टिअरिंगमागची क्लॉक स्प्रिंग, म्हणजे फिरत्या स्टिअरिंगमधल्या एअरबॅगपर्यंत वीज नेणारी गुंडाळलेली पट्टी, तुटलेली असते. पण ते गाडीच्या कॉम्प्युटरला स्कॅनर लावून बिघाडाचा कोड वाचल्यावरच कळतं, ऐकीव माहितीवर नाही. त्या वायरींना घरी हातही लावू नका, एअरबॅग स्फोटक पदार्थावर चालते.

किल्ली फिरवल्यावर हा दिवा काही सेकंद लागून विझायला हवा. लागतच नसेल तर मला जास्त धास्ती वाटते, कारण कोणीतरी तो मुद्दाम बंद केलेला असू शकतो. आणि नीट लागून विझला तरी निश्चिंत होऊ नका. माझ्याकडे तपासायला आलेल्या एका गाडीचा दिवा अगदी व्यवस्थित होता. स्टिअरिंगचं मधलं कव्हर मात्र बाकीच्या डॅशबोर्डपेक्षा नवं दिसत होतं. उघडलं तर आत एअरबॅगच नाही! कॉम्प्युटरला फसवायला दोन वायरींमध्ये छोटा रेझिस्टर जोडला होता. मागच्या सीटवर लहान मुलाची खुर्ची बसवलेली होती. असं करून गाडी विकणाऱ्याचा मला आजही संताप येतो.

ताकाता कंपनीच्या एअरबॅगचा धोका वेगळा आहे. काही वर्षांच्या उष्णतेने आणि दमटपणाने त्यांच्या इन्फ्लेटरमधलं, म्हणजे एअरबॅगमध्ये गॅस भरणाऱ्या भागातलं, अमोनियम नायट्रेट बिघडतं आणि एअरबॅग उघडताना धातूचे तुकडे अंगावर उडतात. यात माणसं दगावली आहेत. जगभरात सुमारे १० कोटी इन्फ्लेटर परत मागवले गेले, कंपनीने २०१७ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. या दोषात दिवा लागत नाही. म्हणून गाडीचा १७ अक्षर-अंकांचा चेसिस नंबर उत्पादकाच्या वेबसाइटवर किंवा अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये तपासा. रिकॉलचं, म्हणजे परत मागवलेला भाग बदलायचं, काम मोफत होतं. पहिल्या मालकाने केलं असेल असं गृहीत धरू नका, आणि पुढच्या सर्व्हिसपर्यंत थांबूही नका.

कुलंट दर आठवड्याला कमी होतं. गळती बंद करणारी बाटली मिळते, ती ओतू का?

नको. त्या औषधाने रेडिएटरच्या बारीक नळ्या तुंबू शकतात आणि मूळ दोष झाकला जातो. कुलंट कुठेतरी जातंय: होज, वॉटर पंप, रेडिएटर, नाहीतर हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग (हेड) आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं सील. मेकॅनिककडून प्रेशर टेस्ट करून घ्या. इंजिन तापलं की गाडी बाजूला घेऊन बंद करा. ‘घरापर्यंत नेतो’ म्हणत चालवलेल्या गाड्यांची हेड वाकलेली मी पाहिली आहेत. गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडू नका, भाजेल.

मागच्या मालकाने टायमिंग बेल्ट बदलला म्हणतात, पण बिल नाही.

मग बदललेला नाही असं धरून चाला. हा बेल्ट व्हॉल्व्ह आणि पिस्टनची हालचाल एका तालात ठेवतो. तो तुटला की पुष्कळ इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि इंजिन खोलावं लागतं. काही इंजिनांना बेल्टऐवजी चेन असते, तुमच्या गाडीत काय आहे ते मॅन्युअलमध्ये पाहा. बेल्ट असेल तर लांबच्या प्रवासाला निघण्याआधी मेकॅनिकला गाठा. वॉटर पंप त्याच बेल्टवर फिरत असेल तर तोही त्याच वेळी बदलायचा का, हे विचारून घ्या.