ढिगाऱ्याची धूळ की कटरची?

प्रश्न : डॉक्टर, मी दिव्याला राहतो, वय 41. 2013 ला शीळफाट्याला बिल्डिंग पडली, 74 माणसं गेली, तेव्हा आम्ही पोरं दोन रात्री घमेल्यांनी राबिट उपसत होतो, तोंडाला फक्त रुमाल. नंतर आठवडाभर सिमेंटच्या रंगाचा बेडका पडायचा. आता वर्षभर जिना चढताना दम लागतो, सकाळी खोकला. बायको म्हणते त्या ढिगाऱ्याचीच धूळ आहे. मोबाईलवर वाचलं की न्यूयॉर्कच्या टॉवरच्या धुळीने लोकांना नंतर कॅन्सर झाले, तसलं काय असेल का? बाकी मी 18 वर्षं लादीचं काम करतो, कटर सुकाच चालवतो, पाणी मारलं की चिखल होतो म्हणून शेठ ओरडतो.

उत्तर : दादा, न्यूयॉर्कचं खरंय, पण तिथे सप्टेंबर 2001 च्या हल्ल्यात 110 मजल्यांचे दोन टॉवर पडले, त्या धुळीत काँक्रीटचं पीठ, काचेचे तंतू, अ‍ॅस्बेस्टॉस सगळं होतं, आणि चुन्यासारखी घसा जाळणारी होती ती. आग डिसेंबरपर्यंत धुमसत होती आणि कित्येक कामगार तिथे महिनोन्महिने राबले. खोकला, सायनस, दमा, छातीतली जळजळ हे आधी लागलं, कॅन्सर मागून आले. तिकडच्या सरकारने त्यांच्या उपचारांची सोय 2090 पर्यंत कायद्याने करून ठेवलीये (आपल्याकडे ढिगारा उपसणाऱ्यांची साधी यादी तरी कोण करतं!).

तुमच्या दोन रात्रींचा हिशोब एवढा मोठा नाही. त्या धुळीने दमा झाला असता तर बहुतेक तेव्हाच, पुढच्या काही महिन्यांत कळलं असतं. मला खरी काळजी वाटते ती तुम्ही पत्रात सगळ्यात शेवटी, जाता जाता लिहिलेल्या ओळीची. लादी, ग्रॅनाइट, ओट्याचा क्वार्ट्झ, सगळ्यात सिलिका असते, क्वार्ट्झमध्ये तर 90 टक्क्यांच्या वर असू शकते, आणि सुक्या कटरने तिची जी बारीक धूळ उडते ती डोळ्याला दिसत पण नाही, रुमालातून आरामात आत जाते आणि फुफ्फुसात वर्षानुवर्षं व्रण करत बसते. याला सिलिकोसिस म्हणतात. झालेले व्रण जात नाहीत, वर टीबी लवकर पकडतो.

या आठवड्यातच छातीच्या डॉक्टरकडे जा. एक्स-रे, जोरात फुंकर मारायची टेस्ट आणि बेडक्याची तपासणी, तिन्ही करा. जाताच सांगा की 18 वर्षं सुका कटर चालवलाय, ते तुमच्या तोंडून निघालं नाही तर टीबी समजून औषधं सुरू होतात आणि सिलिकोसिस तसाच राहतो, असं बघितलंय मी. बिडी असेल तर आजपासून बंद. कटरवर पाणी चालू, तोंडाला नीट बसणारा एन-95, आणि शेठला सांगा, चिखल मी पुसतो.