वही कंपनीच्या लॉकरमध्ये कशाला?

प्रश्न : मुलाला बारावी सायन्सला 68 टक्के आणि एमएचटी-सीईटीला 81 पर्सेंटाइल पडले. कारण एकच. कानात सदा हेडफोन. गाणी नाहीत, इंग्रजी पॉडकास्ट. सॉफ्टवेअर, ओपन सोर्स, कुठल्या प्रोजेक्टमध्ये काय भानगड झाली, असल्या गप्पा. मी 21 दिवस नोंद ठेवली, सरासरी रोज 2 तास 40 मिनिटं निघाली. वर त्याच गप्पा वहीत मराठीत उतरवून काढतो. वही मी जप्त करून कंपनीत माझ्या लॉकरमध्ये ठेवली आहे. पुरावा म्हणून तीन पानांचे फोटो जोडतो. 'ओपन सोर्समध्ये काम करीन' म्हणतो. फुकट राबून पोट भरतं का? आम्ही त्याला पुण्यात होस्टेलवर ठेवून रिपीटर बॅचला घालायचं ठरवलं आहे, पैसे भरायची मुदत शनिवारपर्यंत आहे. आमच्या वेळी गोदाघाटावर वसंत व्याख्यानमालेत मोठमोठी माणसं ऐकायला मिळायची. ही पिढी कानात बोळे घालून बसते. आईच्या लाडानं बिघडला आहे. हे वेड कसं सोडवावं?
– एक वडील, अंबड, नाशिक (क्वालिटी विभाग, 19 वर्षं)

उत्तर :

तुमचं पत्र दोनदा वाचलं, फोटो चार वेळा.

आधी पत्राबद्दल. अख्ख्या पत्रात मुलाचं नाव नाही. आई एकदाच येते, तीही लाडाचा ठपका घ्यायला. 'आम्ही ठरवलं आहे' या वाक्यातल्या 'आम्ही'त मुलगा धरला आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही, पण मला उत्तर माहीत आहे. आणि तो 21 दिवसांचा तक्ता! तुम्ही क्वालिटीत आहात हे लिहिलं नसतंत तरी तक्त्यावरून कळलं असतं. तारीख आहे, सुरू केल्याची वेळ आहे, बंद केल्याची वेळ आहे, एकूण मिनिटं आहेत. 'काय ऐकलं' हा रकाना मात्र नाही. एकवीस दिवस तुम्ही पोराच्या दाराबाहेर घड्याळ घेऊन उभे राहिलात आणि एकदाही आत जाऊन विचारलं नाहीत, की बाबा रे, एवढं काय सांगतात ते लोक? मला या पत्रात काळजी वाटली ती इथे. 81 पर्सेंटाइलची नाही.

मुलाची वही काढून घेऊन ती घरात लपवणं मी समजू शकतो. आपल्याकडे माळे, कपाटं, गादीखालच्या जागा असतात. पण ती उचलून कंपनीत, लॉकरमध्ये? पत्रात सगळ्यात जास्त खटकलेली गोष्ट ही. अठरा वर्षांच्या मुलाचं लिखाण म्हणजे रिजेक्शनचा लाल टॅग लावून बाजूला काढलेला पीस नव्हे.

आता ती पानं. पुरावा म्हणून पाठवलीत खरी, पण पुरावा उलटा निघाला.

पहिल्या पानावर त्यानं एक्सझेडची गोष्ट लिहिली आहे. तुम्ही वाचली नसावी, म्हणून सांगतो. एक्सझेड हे फाइल दाबून लहान करणारं छोटं ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेलं, सॉफ्टवेअर. लिनक्स या विंडोजसारख्याच, पण खुल्या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालणाऱ्या असंख्य सर्व्हरमध्ये ते असतं आणि ते सांभाळायचं काम वर्षानुवर्षं लासे कॉलिन नावाचा एकच माणूस, स्वयंसेवक म्हणून, करत होता. 'जिया टॅन' या नावानं कुणीतरी मदतीला आलं, दोन वर्षांहून जास्त काळ मन लावून काम केलं, विश्वास कमावला आणि 2024 मध्ये त्यात चोरदरवाजा बसवला. तुमचा मुलगा हे असं लिहितो : 'चोर दोन वर्षं सोसायटीत वॉचमन म्हणून इमानानं नोकरी करतो. सगळ्यांचा विश्वास बसला की स्वतःसाठी एक किल्ली करून घेतो.' आणि तो पकडला कसा गेला, तर 'कुलूप रोजच्यापेक्षा अर्धा सेकंद उशिरा उघडतंय, म्हणून एका माणसानं अख्खं दार खोलून बघितलं.'

साहेब, ही गोष्ट मी पूर्वी इंग्रजीत वाचली होती. मराठीत इतक्या थोडक्यात आणि इतकी स्वच्छ कुणी सांगितलेली माझ्या पाहण्यात नाही. एक चूक आहे. ज्यानं पकडलं त्या आंद्रेस फ्रॉइंडला त्यानं 'सिक्युरिटी एक्स्पर्ट' म्हटलंय. तसा तो नाही, आणि हे त्यानं स्वतःच सांगितलं होतं. पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणारा, मायक्रोसॉफ्टच्या नोकरीतला प्रोग्रॅमर. तो आपली वेगाची मोजमापं घेत बसला होता, त्यात हा अर्धा सेकंद जास्तीचा निघाला, आणि का निघाला ते कळेपर्यंत त्याला चैन पडेना. 29 मार्च 2024 ला त्यानं सगळं जाहीर केलं. पाच-दहा मायक्रॉनचा फरक दिसला की लाइन थांबवायला लावणारा माणूस तुम्ही रोज आरशात पाहता. तुमच्या पोराला शेकडो गोष्टींतून नेमकी हीच लिहावीशी वाटली.

व्याख्यानमालेचं तुम्हीच काढलंत ते बरं झालं. शंभरी ओलांडलेल्या त्या व्याख्यानमालेत मे महिन्याच्या उकाड्यात लोक संध्याकाळी घाटावर जाऊन बसायचे, परीक्षेत येणार नाही अशा विषयांवर तास-दीड तास ऐकायचे, घरी येऊन त्यावर वाद घालायचे. माझे वडील मला न्यायचे, निम्म्या वेळेला मी झोपायचो. मुलगा ऐकतो त्यातला 'द चेंजलॉग' हा पॉडकास्ट 2009 पासून चालू आहे. सॉफ्टवेअर बनवणाऱ्या लोकांना समोर बसवून 'हे का केलंत, कुठे फसलात' असं विचारतात. घाट नाही, एवढाच फरक. घाटावर शेजारी माणूस असायचा, हेडफोनमध्ये नसतो, ही तुमची तक्रार असेल तर ती मला मान्य आहे. पण मग शेजारी बसायचं काम घरातल्या कुणाचं, हाही प्रश्न येतो.

आता तुमचा तो 'फुकट राबणं' हा समज. तो एकट्या तुमचा नाही, माझ्याकडे येणाऱ्या अर्ध्या पालकांचा आहे. गंगापूर धरणाजवळ यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे. त्यातल्या 'मुक्त'चा अर्थ फी माफ, असा कुणी नाशिककर लावत नाही. दारं उघडी, एवढाच अर्थ. ओपन सोर्सचंही तेच. कोड उघडा असतो, कुणीही वाचावा, बदलावा, वापरावा. तो लिहिणारा उपाशी असतो असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. लिनक्सच्या गाभ्यावर आज होणारं बहुतेक काम इंटेल, गूगल, रेड हॅट अशा कंपन्यांचे पगारी लोक करतात. याच रेड हॅटला आयबीएमनं 2019 मध्ये सुमारे 34 अब्ज डॉलर मोजून विकत घेतलं, आणि रेड हॅट विकत काय होती, तर उघड्या कोडला लागणारी सेवा आणि हमी. लांब कशाला, मुंबईची फ्रॅपे कंपनी ईआरपीनेक्स्ट बनवते. खरेदी, स्टॉक, हिशेब सांभाळणारं सॉफ्टवेअर, कोड सगळ्यांना खुला. अंबडमधला एखादा लघुउद्योजक ते उतरवून घेऊन आपल्या सर्व्हरवर चालवू शकतो. पैसे ते चालवून देण्याचे, सांभाळण्याचे मिळतात. अर्थात तुमची भीती निम्मी खरी आहे. ज्याच्यावर जग उभं आहे असं बरंच काम लासे कॉलिनसारखी एकटी माणसं बिनपैशात करतात, आणि एक्सझेडचा घोटाळा झाला तो त्यातूनच. बारावी झालेल्या मुलाला कुणी 'ओपन सोर्सची नोकरी' देत नाही, तशी जाहिरातही येत नाही. ओपन सोर्स ही कामाची एक पद्धत आहे. तिला पद मानाल, तर फसाल.

इथून पुढचं मुलासाठी. हे त्याला वाचायला द्या.

बाळा, व्याख्यानं ऐकून कुणी वक्ता झालेला नाही. रोज 2 तास 40 मिनिटं ऐकतोस, त्यातलं हातानं काय केलंस? वडिलांच्या पत्रात याचा उल्लेख नाही आणि तुझ्या तीन पानांतही एकही ओळ 'मी चालवून पाहिलं' अशी नाही. तुझ्या पर्सेंटाइलपेक्षा मला हे जास्त खुपलं. ज्यांच्या गप्पा ऐकतोस ते आधी वर्षानुवर्षं कोड लिहून मग माइकसमोर बसलेत. गप्पा ऐकल्यानं आपण त्या मंडळींतले आहोत असं वाटू लागतं. ती फसवी गोडी आहे. आजपासून ऐकणं तासावर आण. उरलेल्या वेळात जुन्या, अडगळीतल्या संगणकावर लिनक्स टाक, बिघडव, परत टाक. आणि एक सावधगिरी. 'ओपन सोर्समध्ये योगदान द्या आणि बायोडेटा चमकवा' असं सांगणाऱ्या व्हिडिओंच्या नादी लागू नकोस. हॅक्टोबरफेस्ट म्हणजे ओपन सोर्स प्रोजेक्टना दुरुस्त्या पाठवणाऱ्यांना टी-शर्ट देणारा ऑक्टोबरातला ऑनलाइन उपक्रम. 2020 मध्ये त्या टी-शर्टसाठी इतक्या लोकांनी एखादा शब्द इकडचा तिकडे करून 'दुरुस्त्या' पाठवल्या, की प्रोजेक्ट सांभाळणारे वैतागले आणि आयोजकांना नियम बदलून, जे प्रोजेक्ट स्वतः होकार देतील तेवढेच घ्यावे लागले. त्या गर्दीत आपल्याकडची पोरं बरीच होती. लाज आणणारं प्रकरण आहे.

वडील तुला इंजिनीअर करायला निघालेत, तू स्वतःला प्रोग्रॅमर समजतोयस. तुझी पानं वाचून मला दोन्हींबद्दल शंका आहे. तुला गुंतागुंतीची गोष्ट समजते आणि ती न समजणाऱ्याला सांगता येते. हे काम करणारे वेगळे लोक असतात, त्यांना टेक्निकल रायटर म्हणतात. सॉफ्टवेअर कसं बसवायचं, कसं वापरायचं, कुठे अडकलं तर काय, हे ते लिहितात. ओपन सोर्समध्ये कोड लिहिणारे पुष्कळ आणि हे लिहिणारे नेहमीच कमी. मसुदा आजकाल मशीनही लिहून देतं, ते खरं आहे. पण त्यातली पायरी क्रमांक चार चालतच नाही, हे स्वतः चालवून पाहिलेल्यालाच कळतं. म्हणून वर म्हटलं, हात घाल. इंग्रजी लिहिणंही मराठीइतकंच नेटकं करावं लागेल, त्याला पळवाट नाही.

पुन्हा तुमच्याकडे येतो. शनिवारी पैसे भरू नका. रिपीट करणं वाईट नसतं, ज्याला स्वतःला ते करायचंय त्याच्यासाठी. होस्टेलच्या खोलीत कोंडलेला मुलगा पहिल्याच आठवड्यात पांघरुणाखाली हेडफोन घालेल आणि या वेळी नोंद ठेवायला तुम्ही नसाल. प्रवेशाचं म्हणाल तर कॅपचे, म्हणजे इंजिनीअरिंगच्या केंद्रीय प्रवेश फेऱ्यांचे, पर्याय नीट भरा, पॉलिटेक्निकला थेट दुसऱ्या वर्षाचा रस्ता आहे, बीएस्सी कॉम्प्युटर सायन्सचा फॉर्म हातचा ठेवा. बीसीएला 2024 पासून वेगळी सीईटी लागते, ती दिली असेल तर तेही बघा. यातलं कुठलंही चालेल. पदवी लागेल, पहिल्या नोकरीच्या दारात ती विचारतात. कोणत्या कॉलेजची, यावर घरात भांडण करण्यासारखं मात्र त्यात काही नाही.

तुमच्यासाठी एक काम आहे आणि ते तुमच्याच खात्यातलं आहे. मुलाला सांगा, एक गोष्ट निवड आणि दहा मिनिटांत मराठीत बोलून रेकॉर्ड कर. मोबाइल पुरे, कापाकापीला ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर आहे, तेही ओपन सोर्सच. पहिले श्रोते तुम्ही आणि त्याची आई, दोघं एकत्र बसून. जिथे समजलं नाही तिथे मिनिट आणि सेकंद लिहा, शेजारी काय समजलं नाही तेही लिहा. तक्ता तुम्हाला आखता येतोच, या वेळी तो रकाना घाला. अख्खा भाग रिजेक्ट केलात तरी हरकत नाही, कारण लिहून करा.

आणि पहिली पाळी सुटली की वही लॉकरमधून काढून घरी न्या. तुम्ही पाठवलेलं तिसरं पान अर्ध्यात तुटलंय. 2016 ची गोष्ट आहे, शब्दाच्या डावीकडे मोकळी जागा भरणाऱ्या 11 ओळींच्या कोडची. 'नावावरून भांडण झालं आणि त्या माणसानं चिडून आपलं सगळंच काम…' इथे पान संपतं. पुढे काय झालं ते मला माहीत आहे, पण तुमचा मुलगा ते कसं सांगतो ते वाचायचंय. पुढच्या पानाचा फोटो त्याला स्वतःला पाठवू द्या, खाली त्याच्या नावासकट.